बेतूल ते पोळें कयाकनं : तीन रात्री तंबू कुठे ठोकायचा?

रेवती_फोंडा (२ ऑक्टोबर)

नमस्कार मंडळी,

डिसेंबरात आम्ही चौघं गोव्यात बेतूलहून निघून किनाऱ्याकिनाऱ्यानं दक्षिणेला पोळेंपर्यंत वल्हवत जायचं म्हणतोय. मी, नवरा, मावसबहीण आणि तिचा एक सहकारी. दोन जोडकयाक मित्राकडून मिळाल्यात, दोन्हींना सामानाचे बंद कप्पे आहेत. दोन वर्षं दर रविवारी झुवारी नदीत वल्हवतोय. उलटलेली कयाक पाण्यातच सरळ करून परत वर चढायचा सराव चौघांनाही आहे. खुल्या समुद्रात मात्र सलग दोन तासांपेक्षा जास्त कधी गेलेलो नाही.

अंतर वळणावळणानं पस्तीसेक किलोमीटर होईल. एका दिवसात ओढायचं नाहीये. चार दिवस, तीन रात्री असा बेत आहे. लहानपणी बाबांबरोबर काब द राम किल्ल्याच्या तटावरून खाली बघताना एक होडी कड्याला लागून जाताना दिसली होती. त्या होडीतून हा कडा कसा दिसत असेल, हे तेव्हापासून डोक्यात बसलंय.

तर प्रश्न :

१. रात्री तंबू कुठे टाकायचा? शक्यतो बेटावर झोपायचं आहे. नकाशावर काणकोणचं बेट दिसतं, खाली अंजदीव दिसतं. नंतर कधीतरी बोगमाळोसमोरचं ग्रांद बेटही करायचं आहे.
२. काब द रामचं टोक कितपत अवघड आहे?
३. पाणी किती न्यावं?

पहिला प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. बाकीचं शिकता येईल, पण झोपायच्या जागेचा पत्ता नसेल तर निघताच येणार नाही.

---

म्हापसेकर (२ ऑक्टोबर)

वाचनखुणेत टाकला धागा. आम्हाला उत्तरेचं, तेरेखोल ते आग्वाद असं काहीतरी करायचं आहे. उत्तरं येऊ द्या.

---

तांबडी_माती (२ ऑक्टोबर)

अंजदीव यादीतून आजच काढून टाका. बेट कारवारच्या अंगाला असलं तरी गोव्याच्या काणकोण तालुक्यात मोडतं, पण ते पूर्णपणे नौदलाच्या ताब्यात आहे. कारवारच्या नौदल तळासाठी ते लाटारोधक बांधानं मुख्य भूमीला जोडलेलं आहे. तिथे उतरणं सोडाच, जवळून जाणंही चालणार नाही. पोळेंच्या पुढे दक्षिणेला जायचंच नाही असं ठरवून टाका.

ग्रांद बेटाकडे डायव्हिंगच्या नावा दिवसा जातात, पण मुरगाव बंदराची मोठी जहाजं त्याच भागातून ये-जा करतात. पाण्यालगत बसलेला माणूस जहाजावरून दिसत नाही. तिथे स्वतःची कयाक घेऊन रात्रीच्या मुक्कामाला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत.

अंजदीवचा विषय निघालाच आहे तर थोडं विषयांतर करतो. १४९८ मध्ये वास्को द गामा परतीच्या प्रवासाआधी इथे थांबला होता. १५०५ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदानं किल्ला बांधायला घेतला. १६६०च्या दशकात मुंबईचा ताबा मिळायची वाट बघत इंग्रज सैनिक इथे येऊन राहिले आणि त्यातले बहुतेक रोगराईनं मेले. नोव्हेंबर १९६१ मध्ये याच बेटावरून आपल्या बोटींवर गोळीबार झाला. गोवा मुक्तीच्या कारवाईत आयएनएस त्रिशूळवरच्या नौसैनिकांनी बेट घेतलं, त्यात सात जण कामी आले. एवढंसं बेट, पण किती माणसं पोटात घेऊन बसलंय. लांबूनच नमस्कार करावा.

---

नाखवा (३ ऑक्टोबर)

रेवतीताई, मी तळपणचा. आमच्या घरात तीन पिढ्या मासेमारी, काटाळी जाळं आणि किनाऱ्यावरून ओढायची रांपण. मी स्वतः नोकरी करतो, पण रविवारी काकांच्या होडीवर असतो. दोन नंबरच्या प्रश्नाचं उत्तर देतो.

आधी वाऱ्याचं बोलू. डिसेंबरात पहाटे जमिनीकडून वारा येतो, तो मतलई. नऊ-दहापर्यंत तो पडतो. मग तासभर समुद्र तेलासारखा असतो. दुपारी बाराच्या पुढे वायव्येकडून खारा वारा सुटतो आणि तीन-चारला चांगला भरतो. आमचे आजोबा म्हणायचे, "सकाळचें वारें भायर व्हरता, सांजेचें घरा हाडटा." म्हणजे सकाळचा वारा बाहेर नेतो, सांजेचा घरी आणतो. शिडाच्या होड्या याच हिशोबानं चालायच्या. तुम्ही उत्तरेकडून दक्षिणेला जाताय म्हणजे दुपारचा वारा पाठीवर येईल. ही दिशा बरोबर. पण त्याच्या भरवशावर राहू नका. सूर्य उगवताना पाण्यात, साडेदहाला वाळूवर, हा नेम ठेवा. मतलई जोरात असेल तर तो तुम्हाला हळूहळू बाहेर नेतो, ते बसल्या जागी कळत नाही. म्हणून किनाऱ्यावरचं एखादं झाड आणि त्यामागचा डोंगर एका रेषेत धरून बघत राहा.

आता काब द राम. तिथे अवघड वाटतं ते उलट फिरणाऱ्या लाटांमुळे. लाट कड्यावर आपटते, तशीच मागे येते आणि पुढून येणाऱ्या लाटेला भिडते. मग पाणी पुढेमागे न हलता जागच्या जागी वर-खाली उसळतं. कड्याच्या जितकं जवळ जाल तितकं जास्त. अर्धा-पाऊण किलोमीटर बाहेरून वळसा घाला. त्या टोकाला उतरायला जागा नाही, त्यामुळे आधी सगळ्यांनी पाणी पिऊन, गरज उरकून घ्या.

आणि निघताना साळ नदीचं मुख. बेतूल-मोबोरच्या तिथे वाळूचा दांडा आहे. ओहोटीचं पाणी बाहेर पडत असताना समोरून लाट आली की तिथे लाटा उभ्या राहून फुटतात. भरती पूर्ण होऊन पाणी थांबलेलं असतं तेव्हा बाहेर पडा.

---

शेवटची_फेरीबोट (३ ऑक्टोबर)

बेटावर झोपायचंच असेल तर समुद्र कशाला? गोव्याची खरी माणसांची बेटं नदीत आहेत. दिवाडी, चोडण, वांशी, जुवें. मी दिवाडीचा जावई. रायबंदरहून सकाळी निघालं, चोडणला वळसा घातला आणि मांडवीतून जुव्याला गेलं की दोन रात्री आरामात होतात. लाट नाही, कडा नाही, संध्याकाळी कुणाच्या तरी पडवीत चहा मिळतो. फेरीबोटीच्या वाटेत मात्र थांबायचं नाही. ती लोखंडी आहे आणि तुमच्यासाठी वळणार नाही.

---

म्हापसेकर (३ ऑक्टोबर)

हे फार आवडलं. कुंभारजुव्याच्या कालव्यातून मांडवीहून झुवारीत उतरता येईल ना?

---

कुळागर (३ ऑक्टोबर)

येईल, पण त्या कालव्यात मगरी आहेत. खऱ्या. पंधरा किलोमीटरचा कालवा आहे आणि तिथे मोठ्या नावेतून लोकांना मगरी दाखवायला नेतात. पाण्यालगत बसून, हात पाण्यात घालत तिथून जायचं नसतं. दुर्भाट-बोरीकडच्या गावांत पौष अमावास्येला खाजनात (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतात) चिखलाची मगर करून पूजा करतात, मानगे थापणी म्हणतात तिला. शेताचा बांध राखणारी म्हणून तिचा मान. लोक शतकानुशतकं तिच्या शेजारी राहतात, कारण तिची जागा कोणती ते त्यांना ठाऊक आहे.

दुसरी गोष्ट मानशीची. खाजन शेतीच्या बांधात पाणी आत-बाहेर सोडायला जे लाकडी दार असतं ती मानस. ओहोटीला दार उघडलं की पाणी भयंकर ओढीनं बाहेर येतं, आणि भरतीला आत ओढतं. त्या तोंडाजवळ छोटी होडी नेऊ नका. माझ्या चुलतभावाची होडी त्या ओढीत अडकून आडवी झाली होती. तो पोहणारा होता, म्हणून वाचला.

चोडणच्या पश्चिम टोकाचं डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य वनखात्याचं आहे. आतल्या खाडीत परवानगी काढूनच जायचं. डिसेंबरात पाहुणे पक्षी आलेले असतात, आणि खारफुटीत भरतीच्या वेळी शांतपणे गेलं तर धीवर (खंड्या पक्षी) हाताच्या अंतरावर बसलेला दिसतो.

---

भटका_सौरभ (४ ऑक्टोबर)

मूळ प्रश्नाकडे येतो. एवढा विचार कशाला करायचा? आगोंद आणि पाळोळेंच्या मध्ये बटरफ्लाय बीच आहे, तिथे रस्ता नाही. अंधार पडल्यावर तंबू लावा, उजाडायच्या आत काढा. मी दोनदा केलंय. कुणाला त्रास नाही, कचरा नाही. समुद्र सगळ्यांचा आहे.

---

कासव_राखण (४ ऑक्टोबर)

सौरभ, तुमचा हेतू वाईट नाही हे मान्य. पण हा सल्ला कृपया देऊ नका.

मी चार हंगाम गालजीबागला स्वयंसेवक म्हणून रात्री फिरले आहे. नोव्हेंबर ते मार्च हा ऑलिव्ह रिडले कासवांचा अंडी घालायचा काळ. दक्षिणेत आगोंद आणि गालजीबाग, उत्तरेत मोरजी आणि मांद्रें हे राखीव किनारे, पण कासवीण पाटी वाचून येत नाही. ती शेजारच्या छोट्या किनाऱ्यावरही येते. रात्रीच्या अंधारात ती पाण्यातून अर्धं अंग बाहेर काढून थांबते, बघते. उजेड दिसला, माणूस हलला की तशीच मागे फिरते. ते परत फिरणं मी पाहिलंय. वाळूवर वर आलेल्या आणि तसंच मागे वळलेल्या खुणा सकाळी दिसतात आणि पोटात कालवतं.

एका घरट्यात शंभरेक अंडी असतात. पिल्लं पन्नासेक दिवसांनी, बहुतेक रात्रीच, बाहेर पडतात आणि जिथे जास्त उजेड तिकडे धावतात. पूर्वी समुद्राचाच उजेड असायचा. आता तुमच्या तंबूतला दिवा असतो.

शिवाय किनाऱ्यावर उघड्यावर स्वयंपाक करायला २०१९ पासून कायद्यानं बंदी आहे, दंड होतो. रेवतीताई, तुम्ही आधी विचारलंत याचा मला खरंच आनंद झाला.

---

भटका_सौरभ (४ ऑक्टोबर)

कासवांचा मुद्दा मला एवढा तपशिलात माहीत नव्हता. तेवढ्यापुरता शब्द मागे घेतो. पण एक विचारतो. ज्या किनाऱ्यांवर रात्रभर दिवे आणि गाणी चालतात तिथे कुणी काही म्हणत नाही, आणि चार माणसांचा दिवा न लावलेला तंबू तेवढा खुपतो. हे मला पटत नाही.

---

कासव_राखण (५ ऑक्टोबर)

त्यांनाही आम्ही म्हणतो. दरवर्षी, लेखी, पंचायतीत उभं राहून म्हणतो. काही ठिकाणी दिवे झाकले गेले, काही ठिकाणी नाही. भांडण चालूच आहे. म्हणूनच जे थोडे किनारे अजून काळोखात आहेत ते काळोखातच राहावेत असं वाटतं. बटरफ्लाय त्यातलाच एक.

---

वैद्य_मडगाव (५ ऑक्टोबर)

डॉक्टर म्हणून लिहिते, थोडं लांबेल.

डिसेंबरात इथलं पाणी सत्तावीस-अठ्ठावीस अंश असतं. थंडीनं माणूस गारठायची भीती नाही. भीती उन्हाची. वाऱ्यामुळे घाम जाणवत नाही आणि माणूस दोन तास पाणी न पिता बसतो. माणशी दिवसाला चार-पाच लिटर धरा, शिवाय मीठ-साखर. पूर्ण बाह्यांचा सदरा, मानेवर कापड. मांड्यांचा वरचा भाग आणि पावलांची वरची बाजू सगळ्यात जास्त भाजते, तेच सगळे विसरतात.

जेलीफिश लागली तर वाळूनं चोळू नका, गोड्या पाण्यानं धुऊ नका. समुद्राच्या पाण्यानं धुवा, चिकटलेले तंतू चिमट्यानं किंवा जुन्या कार्डाच्या कडेनं काढा आणि मग सोसेल इतक्या गरम पाण्यात तो भाग वीसेक मिनिटं ठेवा. श्वास लागला, ओठ सुजले तर वाट बघू नका.

आता माझी हकिगत. काही वर्षांपूर्वी दक्षिणेतल्या एका किनाऱ्यावर आम्ही तासाच्या भाड्यानं कयाक घेतली होती. लाइफ जॅकेटची बक्कल तुटलेली होती आणि मी ती दोरीनं बांधून घेतली, कारण "जवळच तर जायचंय". परतताना लाटेनं कयाक आडवी केली. मी किनाऱ्याच्या बाजूला पडले, पुढच्या लाटेनं पाण्यानं भरलेली कयाक माझ्या बरगडीवर आणली. सहा आठवडे नीट झोपता आलं नाही. त्या दिवसापासून मी भेटेल त्याला सांगते. लाटांत पडलात तर कयाकच्या समुद्राकडच्या बाजूला राहा. कयाक आणि किनारा यांच्या मध्ये कधीही सापडू नका. आणि बक्कल तुटलेलं जॅकेट नाकारा.

तटरक्षक दलाचा १५५४ आणि किनारी सुरक्षेचा १०९३ हे क्रमांक चौघांच्याही फोनमध्ये हवेत. फोन पाणी न शिरणाऱ्या पिशवीत, पिशवी अंगावर. कयाकच्या कप्प्यात ठेवलेला फोन कयाकबरोबर जातो.

---

उंडीचं_झाड (५ ऑक्टोबर)

खाण्याचं कुणी बोललंच नाही! किनाऱ्यावर चूल नाही म्हटल्यावर शिजवायची भानगड मिटली. दशम्या तीन दिवस टिकतात. तिळकुटाची चटणी, गुळपापडी, भाजलेले काजू, भिजवून खायला जाडे पोहे, वर ताजं खोबरं. सोलांचं आगळ छोट्या बाटलीत न्या, पाण्यात घालून मीठ टाकलं की दुपारचं सरबत तयार.

---

म्हापसेकर (५ ऑक्टोबर)

आणि सुका बांगडा?

---

उंडीचं_झाड (५ ऑक्टोबर)

बंद कप्प्यात, उन्हात, चार दिवस सुका बांगडा? मित्राची कयाक परत द्यायची आहे त्यांना.

---

नाखवा (६ ऑक्टोबर)

हाहा. बांगडा किनाऱ्यावर आल्यावर आमच्याकडे खा.

ताई, तारखा ठरवल्या नसतील तर अष्टमीच्या आसपास निघा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, पाणी जास्त चढतं-उतरतं, नदीच्या मुखाशी ओढ जास्त. अष्टमीला भांगाची भरती, सगळं सौम्य. वेळेचा ढोबळ हिशोब जुना आहे. तिथीची पाऊणपट. अष्टमी म्हणजे आठ, त्याची पाऊणपट सहा. म्हणजे सकाळी सहाच्या सुमाराला भरती पूर्ण. नवमीला पावणेसात, दशमीला साडेसात. म्हणजे उजाडताना मुख शांत आणि बाहेर पडायला पाणी भरपूर, तुम्हाला हवं तेच. नक्की वेळ मुरगावच्या भरतीच्या कोष्टकात बघून घ्या, थोडा फरक असतो. दिवसाच्या दोन भरत्याही सारख्या उंचीच्या नसतात, रात्रीची जास्त चढू शकते. म्हणून कयाक रात्री भरतीनं आणून टाकलेल्या कचऱ्याच्या ओळीच्या वर ओढून माडाला बांधायची.

आणि झोपायचं म्हणाल तर तळपणला माझ्या आत्याचं घर नदीच्या काठाला आहे. अंगण शेणानं सारवलेलं, विहिरीला गोडं पाणी. मी आत्याला विचारलं. ती म्हणाली, "तंबू कित्याक? घरांत जागो आसा." मी सांगितलं की त्यांना तंबूतच झोपायचंय. "जाता, पूण जेवण म्हजें," (चालेल, पण जेवण माझं) असं तिचं उत्तर आलं.

---

शेवटची_फेरीबोट (६ ऑक्टोबर)

बघा, धाग्याचं उत्तर आत्यानं दिलं.

---

तांबडी_माती (६ ऑक्टोबर)

खरंच, उत्तर तेच आहे. वाळूवर झोपण्यापेक्षा कुणाच्या तरी जमिनीत, विचारून. खोलाच्या आणि काब द रामच्या पठारावर वस्ती आहे, आगोंदला भाड्याच्या खोल्या आहेत. काणकोणच्या बेटाचं सांगायचं तर ते पाळोळेंच्या उत्तर टोकाला आहे, ओहोटीत चालतही जाता येतं, पण सगळा खडप आहे. दिवसा जाऊन या. निघण्याआधी जवळच्या किनारी पोलीस ठाण्यात नावं, कयाकचे रंग आणि रोजचं उतरायचं ठिकाण लेखी देऊन ठेवा. अनोळखी होडी दिसली की मच्छीमार आधी तिथेच फोन करतात, आणि ते योग्यच आहे.

---

रेवती_फोंडा (७ ऑक्टोबर)

सगळ्यांचे मनापासून आभार. बेत बदलला. बेटाचा हट्ट सोडला. नाखवा, आत्यांना नमस्कार सांगा, तिसरी रात्र त्यांच्याकडे. सौरभ, तुम्ही मोकळेपणानं लिहिलंत म्हणून कासवांचं एवढं कळलं. मी स्वतःही बटरफ्लायच मनात धरून बसले होते.

वद्य अष्टमीला निघतोय.

---

म्हापसेकर (२० डिसेंबर)

धागा वर काढतो. गेले का हो? काय झालं?

---

रेवती_फोंडा (२३ डिसेंबर)

गेलो आणि आलो. हात अजून दुखताहेत, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

पहिला दिवस. पावणेसातला बेतूलहून निघालो. मुखाशी पाणी थांबलेलं, नाखवांनी लिहिलं होतं अगदी तसं. दोन तासांत काब द राम समोर आलं. आम्ही अर्धा किलोमीटर बाहेर होतो तरी ते उसळणं जाणवत होतं. कयाक एकाच वेळी तिन्ही बाजूंनी हलते आणि नजर कुठे ठेवावी कळत नाही. मावसबहिणीला तिथे जोरात मळमळायला लागलं, वल्हं हातातून सुटायला आलं. दोन्ही कयाक एकमेकींना चिकटवून धरल्या, तिला आडवं व्हायला लावलं आणि तिच्या सहकाऱ्यानं दोन्ही बाजू धरून ठेवल्या. मग आमच्या कयाकला दोरी बांधून आम्ही दोघांनी चाळीस मिनिटं त्यांना ओढलं. झुवारीत दोरीनं ओढायचा सराव एकदाच केला होता, तोही मजा म्हणून. जाणाऱ्या प्रत्येकानं तो तीन-चारदा करावा. टोक ओलांडून कड्याच्या आडोशाला आल्यावर दहा मिनिटांत तिचा चेहरा परत आला.

आणि कडा. बाबांबरोबर वरून बघितलेला कडा खालून काळा दिसतो, वरून तांबडा दिसायचा. वरचा जांभा खालून दिसतच नाही, दिसतो तो ओला, शेवाळलेला खडक. तटाचा एक कोपरा फक्त दिसला. मी तिथे थांबले असते, पण दोरी ओढायची होती.

पहिली रात्र खोलाच्या वर एका कुटुंबाच्या काजूबागेत. आधीच्या आठवड्यात स्कूटरनं जाऊन विचारून आलो होतो. कयाक खाली माडांना बांधल्या आणि सामान पाठीवर घेऊन चढलो. ती चढण वल्हवण्यापेक्षा जड गेली.

दुसरी रात्र आगोंदला खोलीत, किनाऱ्यापासून आत. संध्याकाळी जाळी लावलेलं एक घरटं बघितलं, वनखात्याच्या माणसाला विचारून, लांबूनच. कासव_राखण, रात्री आम्ही दिवे बंद करून बसलो होतो.

तिसऱ्या दिवशी काणकोणच्या बेटाला पलीकडून वळसा घालून पाळोळेंला पाण्यातच थांबलो, खाल्लं आणि पुढे गेलो. राजबागच्या पुढे तळपणच्या मुखाशी नाखवा आणि काका होडी घेऊन उभे होते. मुखातली वाट वाळूबरोबर सरकते, गेल्या महिन्यातली आता नाही, असं ते म्हणाले आणि पुढे होऊन आम्हाला आत घेतलं. आत्यांकडे बांगड्याचं हुमण, भात, तोरांचं लोणचं. अंगणात तंबू. चंद्र मध्यरात्रीनंतरच उगवणार होता, काळोख गच्च होता. जेवल्यावर हात धुवायला नदीकाठी गेलो तर हात हलवला की पाणी निळसर चमकायचं. आत्या म्हणाल्या, लहानपणी त्या पोरं पोरं मिळून त्यात दगड मारत बसायच्या. मग त्यांनीच एक दगड उचलून टाकला.

शेवटच्या दिवशी गालजीबागला न उतरता बाहेरूनच पुढे आणि पोळें. तिथे उतरताना लाटा मोजल्या, मोठ्या गेल्यावर त्यांच्या पाठीवरून आत आलो. आमची नीट आली. दुसरी शेवटच्या वीस मीटरवर आडवी झाली. डॉक्टरबाई, दोघंही समुद्राच्या बाजूला पडले आणि तिथेच राहिले. एक पातेलं गेलं, बाकी सगळं सुखरूप.

पाणी माणशी पाच लिटर नेलं, रोज रात्री भरून घेतलं. चारच्या खाली जाऊ नका.

---

वैद्य_मडगाव (२३ डिसेंबर)

"समुद्राच्या बाजूला पडले" हे वाचून डोळे भरले. मळमळीची गोळी निघण्याआधी तासभर घ्यायची असते, ते मी लिहायला हवं होतं. पुढच्यांसाठी इथे लिहून ठेवते. पण त्या गोळीनं झोप येते, म्हणून आधी एखाद्या रविवारी घेऊन बघा.

---

भटका_सौरभ (२४ डिसेंबर)

काजूबागेतल्या कुटुंबाकडे जाऊन काय म्हणालात, कसं विचारलंत? मला हेच जमत नाही. म्हणून मी अंधारात तंबू लावायचो.

---

रेवती_फोंडा (२४ डिसेंबर)

दुपारी चारला गेलो, चहाच्या वेळेला. आधी नाव आणि गाव सांगितलं, मग म्हटलं की आम्ही होडीनं येणार आहोत, एक रात्र तुमच्या बागेत झोपू का, चूल पेटवणार नाही. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो होडीबद्दल, दुसरा माझ्या माहेराबद्दल. माझ्या आजोळच्या गावात त्यांची मेहुणी निघाली. निघताना पैसे देऊ केले, घेतले नाहीत. मग संक्रांतीला तिळगूळ घेऊन येऊ असं सांगितलं. जानेवारीत जायचंय, येताय का?

---

भटका_सौरभ (२४ डिसेंबर)

येतो. स्कूटरनं की कयाकनं?

---

नाखवा (२४ डिसेंबर)

जानेवारीत कधी कधी वायव्येचा वारा दोन-तीन दिवस थांबतच नाही. स्कूटरनं जा. आणि ताई, पातेलं सापडलं. पोळेंच्या रांपणीत आलं, काकांकडे ठेवलंय.